फाटक

हेस्टर थ्रेलकेल्ड कोरायची तो ठोकळा
तळहाताहून मोठा नसायचा कधी.
बॉक्सवुड. जुन्या हाडासारखं पिवळं,
शंभर वर्षांत मनगटाएवढं जाड होणारं.
वाळू भरलेल्या कातडी उशीवर ठेवून
ती ठोकळाच फिरवायची कोरणीखाली,
झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसा.
कोरणी जागची हलायची नाही.

मी दूध पोचवायला जायचे, सहा-सात वर्षांची.
दिव्यापुढे पाण्यानं भरलेला काचेचा गोळा,
त्यातून उजेड गोळा होऊन पडायचा
नेमका एका मेंढीवर.
"काढते ते पांढरं," ती म्हणायची,
"ठेवते ते काळं.
बर्फाच्या दिवसाला मनगट मोडतं बघ.
रात्र काय, आळशालाही जमते."

एकदा तिनं आमचं हाय गिल कोरलं.
गडगे, दगड न् दगड मोजून.
ओढा. वाकडं अ‍ॅशचं झाड. फाटक.
शाई फिरवली, पातळ कागद अंथरला,
चमच्याच्या पाठीनं घासघास घासला.

वडील एरवी कुत्र्यांशीच बोलत.
कागद धरून बराच वेळ उभे राहिले.
"फाटक उलटीकडे उघडतंय, मिस."

खरं तर डोंगरही उलटीकडे होता,
ओढाही. वडिलांना फाटक तेवढं दिसलं.
ठसा उलटा उमटतो, म्हणून उलटं कोरायचं,
हे तीस वर्षांत ती प्रथमच विसरली होती.
त्या आठवड्यात तिला तार आली होती
भावाची. आम्हांला ते नंतर कळलं.
"पुन्हा कोरून देते," म्हणाली.
"नको," म्हणाले वडील,
आणि चित्र चुलीवरच्या भिंतीला ठोकलं.

अकरा वर्षांनी फाटक कुजलं.
वडिलांनी नवं बसवलं,
बिजागऱ्या पलीकडच्या खांबाला.
आठवडाभर मेंढ्या जुन्या कोपऱ्यात दाटायच्या,
कुत्रा वैतागला.
आईनं विचारलं तर म्हणाले, "हा खांब बरा आहे."
डोंगर काही त्यांना हलवता येत नव्हता.

तोवर हेस्टरच्या डोळ्यांत सारं दूध उतरलेलं.
एका संध्याकाळी वाटेनं आली,
कडीसाठी हात पुढे केला, हाताला बिजागरी लागली.
थांबली.
मग लाकडावरून बोटं सरकवत सरकवत
दुसऱ्या टोकाला गेली, कडी काढली,
आत आल्यावर फाटक नीट लावून घेतलं.

तो ठोकळा आता माझ्याकडे आहे.
शाई सुकून काळा कुळकुळीत.
त्यावर अंगठा फिरवला की लागतं,
तिथं अजून फाटक
जुन्याच बाजूला उघडतं.