थंडच वाढायचं असतं

बस इथे, गिगा. बाह्या वर कर. दोन्ही.
माझा उजवा हात प्लास्टरमध्ये,
म्हणून यंदा तुझे हात माझे.
नखं दाखव आधी.

अक्रोड आजोबांच्या झाडाचे,
ऑक्टोबरात झोडपले, माळ्यावर वाळवले.
हातोडी हळू. गर अख्खा निघायला हवा असं नाही,
पण टरफलाची एक कपची जरी राहिली
तरी एकतीस तारखेला ती नेमकी
तुझ्या मामाच्याच दाढेखाली जाईल
आणि पुढचं वर्षभर आपण ऐकून घेऊ.
पिवळट गर परातीत.
काळपट बाजूला काढ, कडू असतात.

आता यंत्र. टेबलाला घट्ट आवळ.
एकदा फिरवून भागत नाही, तीनदा.
आधी भुगा, मग ओलसर,
तिसऱ्यांदा मुठीत दाबलंस की
बोटांच्या फटींतून तेल येतं, सोनेरी.
ते त्या बशीत. सांडलंस तर बघ.
तुझी आई तुझ्याएवढी होती तेव्हा
बशीतलं सगळं तेल पावाला लावून
दाराआड खाऊन बसली होती.
मी दोन दिवस मांजराला शिव्या दिल्या.

लसूण, मीठ, धणे, निळ्या फुलांची मेथी,
झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या, चिमूटभर.
हसतोस काय? केशर श्रीमंतांचं.
आपल्या इमेरेतीत झेंडूच केशर.

काय म्हणालास?
आज वीसच तारीख, हो, मला मोजता येतं.
आणि टर्की अजून ओतियाच्या अंगणात
पिसं फुगवून हिंडतेय, तेही दिसतंय,
डोळ्यांना प्लास्टर नाही माझ्या.

हे वाटण आपल्या टेबलाचं नाहीच.
ही बरणी शुक्रवारच्या व्हॅनने जायची.
कुताइसीच्या बाजारामागून निघते ती,
सगळा तुर्कस्तान, मग ग्रीस, मग बोटीवर चढून बारी.
पाच दिवस. कधी सहा.
वाटेत बर्फ पडलं तर देव जाणे.
कुणाच्या चीजशेजारी, कुणाच्या लोकरी मोज्यांखाली
पडून राहील. रस्सा नाही, कोरडं आहे,
म्हणून टिकतं.

तिथे तुझी आई त्या म्हाताऱ्या बाईंना
औषध देईल, केस विंचरेल, झोपवेल.
मग कोंबडी उकडेल, टर्की नसली तरी,
कोमट रश्श्यात हे सैल करेल
आणि खिडकीपाशी निवायला ठेवेल.

सात्सिवी गरम खात नाहीत, बाळा.
म्हणून तर सणाला हीच करायची.
वेळेवर आलेल्याला आणि उशिरा आलेल्याला
सारखीच थंड.

थांबलास का? फिरव.
चार वर्षं झाली, मला माहीत आहे.
वाटायचं आणि वाट बघायची,
सणाचं काम म्हणजे दुसरं काय असतं?
आपलं वाटण एकोणतिसाला. तेव्हाही तूच.
आणि एक तारखेला पहिलं पाऊल घरात
तूच टाकायचंस, मिठाई उधळत.
आजोबा टाकायचे. मामाचं पाऊल जड आहे,
गेल्या वर्षी आलं ते
आणि माझा हात मोडला.

जरा जिभेवर ठेव माझ्या.
मीठ कमी. असू दे,
तिथल्या कोंबडीचा भरवसा नाही.
बरणीत दाबून भर, पोकळी राहता कामा नये.
वरून तेलाचा थर, बोटाच्या पेराएवढा.
झाकण लाव.
अजून घट्ट.

चिकटपट्टीवर नाव तूच लिही,
डाव्या हाताने माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं येतं.
काय लिहिलंस बघू?
‘आई’?
अरे, व्हॅनमध्ये सत्तर बरण्या असतील,
ड्रायव्हरला काय कळणार कुणाची आई?

बरं.
राहू दे ते.
खाली बारीक अक्षरात ‘खातुना’ लिही.

बशीत थोडं तेल उरलंय.
पाव त्या निळ्या डब्यात.
मी जरा बाहेर जाऊन
मांजर कुठे आहे बघून येते.