ठिबकची नळी

भुसावळहून निघालेली शेवटची एस्टी
आमोद्याच्या अलीकडे बंद पडली,
तेव्हा गुरुजी म्हणाले, चल, केळीतून जाऊ,
फैजपूर तासाभरावर आहे.

माझ्या पिशवीत त्यांची तीन भाष्यं,
माझ्या अक्षरातल्या दोन दोनशेपानी वह्या,
आणि एका समासात लाल शाईनं त्यांनीच लिहिलेलं:
सर्प नाहीच. होता असंही म्हणू नये.

वेणीमाधवशास्त्री हा दृष्टांत
चाळीस वर्षं सांगत आलेले.
अंधार, दोरी, भ्रम, दिवा.
दिव्यापाशी आले की ते थांबत,
चष्मा पुसत, आणि आम्ही
पुढच्या वाक्यासाठी पेन टेकवून बसायचो.

केळीतला अंधार वेगळाच असतो.
पानं डोक्यावर मिटलेली, खाली ओल,
कुठेतरी मोटार घुमते, कारण वीज रात्रीचीच येते.
गुरुजी पुढे. मी मागून काहीतरी विचारत होतो,
बहुतेक अध्यासाविषयीच.

आणि ते ओरडले.
संस्कृतात नाही.
"आई गं!" असं, लहान मुलासारखं,
आणि उडी मारून थेट माझ्या पायावर उतरले.

आधी बॅटरीचा झोत आला, मागून सुभान तडवी,
रात्रीचं पाणी बघणारा.
"नळी आहे भो, नळी. ठिबकची."
त्यानं ती पायानं बाजूला सारली.
मग म्हणाला, "पण उडी मारली ते बरं केलं.
या बांधावर खरेही असतात.
माझा भाऊ नळीच समजला होता."

यावर भाष्यात काही नाही.
मी मनातल्या मनात पानं उलटून पाहिली.

गुरुजी बांधावर बसले, धोतर चिखलात,
बोटं त्या काळ्या नळीवर.
छिद्रातून थेंब यायचा, थांबायचा, यायचा.
"चाळीस वर्षं," ते म्हणाले, "मी दोरी शिकवली.
साप आज भेटला."
आणि हसले. ते हसू मी आधी ऐकलं नव्हतं,
वर्गात तर नाहीच.

आणि दोरी? मी विचारलं.
ते माझ्याकडे वळले नाहीत.
सुभानला म्हणाले, "भाऊ केवढा होता?"

फैजपूरचे दिवे दिसेपर्यंत
ते दोघं बोलत पुढे चालले,
बॅटरी विझवून, पाय ओळखीचे असल्यासारखे.
मी मागे,
पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत.
घरी येऊन उघडली,
तर आतलं सगळं कोरडं राहिलं होतं.