खळं

रात्रपाळीत प्लेटा उघडायच्या आधी मी हात धुते.
दोनदा. सवय आहे, श्रद्धा नाही.
कोपरखैरणे, तिसरा मजला, लिफ्टच्या मागची लॅब.
खिडकीला जाळी, जाळीपलीकडे
भरतीला वर येणारा खाडीचा वास.

काल पेरलेलं आज उगवलंय.
अकरा नंबर. हिराजी भोईर, वय एकोणसाठ.
गुडघा बदलायला आले होते,
स्वतःच्या पायांनी, जिना चढून.

फिकट जेलीवर पाच टिकल्या ठेवल्या होत्या,
एकेका टिकलीत एकेक औषध.
औषध चाललं की टिकलीभोवती काही उगवत नाही,
स्वच्छ गोल राहतो,
चंद्राला खळं पडतं तसा.
रिपोर्टात मी मिलिमीटर लिहिते.
मनात खळंच म्हणते.

बाबा घणसोलीहून होडी काढायचे तेव्हा
आधी वर बघायचे.
"खलं मोठं त पानी जवल, गो पोरी."
कधी चुकले नाहीत असं नाही,
पण बघायचे.

आज एकाही टिकलीला खळं नाही.
शेवाळ भिंतीला टेकावं तसे
जंतू औषधाला टेकून बसलेत. आरामात.
रेझिस्टंटचा आर.
आर. आर. आर. आर.
पाचवा लिहिताना पेन अडलं, झटकलं, लिहिला.

लोकांना वाटतं हे चोरासारखं येतं, रात्री, बाहेरून.
विरजणासारखं येतं.
आमच्या सिडकोच्या बिल्डिंगीत
सुर्व्यांचं चमचाभर नायरांकडे,
नायरांचं वरच्या अन्सारींकडे,
आणि महिन्याभराने आम्ही ज्यांच्याकडून मागतो
त्यांना ते आमचंच असतं हे ठाऊक नसतं.
तसंच एक जंतू दुसऱ्याला देतो, परजातीतल्यालाही,
(हे तेवढं त्यांना आपल्याआधी जमलं)
चिमूटभर युक्ती:
हे औषध असं फोडायचं,
ते दारातूनच परत ढकलायचं.
देणाऱ्याचं काही कमी होत नाही.

आठच्या सलाइनच्या स्टँडवरून, दहाच्या पडद्यावरून,
फुलाबाईंच्या त्याच एका पोछ्यावरून
(दुसरा मागून तीन महिने झाले),
मोठ्या डॉक्टरांच्या मोबाइलवरून, ज्याला कुणी काही म्हणत नाही.
बेसिनवर हात धुण्याचं चित्र आहे, सहा पायऱ्यांचं.
बाटलीतल्या साबणात पाणी जास्त.

आणि माझी पर्स.
आतल्या कप्प्यात मार्चमधली स्ट्रिप, दहातल्या सहा घेतलेल्या.
तिसऱ्या दिवशी घसा बरा झाला,
मी, जी हे सगळं शिकलेय,
म्हटलं राहू देत, लागतील.
लागल्या. दोन शेजारच्या मृण्मयीला दिल्या,
वाया कशाला घालवायच्या.
माझ्या घशात जे दुबळे होते ते मेले.
उरलेल्यांना मी शिकवून सोडलं.
कुठे गेले असतील?
ऐरोलीला, नाल्यात, कुणाच्या तरी गुडघ्यात.

एक जुनं औषध बाकी आहे.
मूत्रपिंडाला झोंबतं म्हणून माळ्यावर टाकलेलं.
ते टिकलीवर कळत नाही, नळ्यांमध्ये बघावं लागतं.
दुपारी लावल्यात. पहाटे एखादी नितळ राहिली
तर डोसाचा हिशेब सांगता येईल.
सगळ्या गढूळल्या तर
रिपोर्टात त्यासाठीही एकच अक्षर आहे.

पाणी प्यायला बाहेर आले तर बाकावर त्यांची सून.
मांडीवर स्टीलचा डबा, झाकणाला रुमाल बांधलेला.
"मॅडम, शुद्धीवर आले की दहीभात चालेल ना?
घरचं दही आहे.
विरजण तेवढं शेजारून आणलं."

चालेल, म्हणाले.
मग आत आले, नळ सोडला,
आणि पाणी कोमट होईपर्यंत
नुसतीच हात धरून उभी राहिले.
आमच्या नळाला गरम पाणी नाही.