लाकडी मासा

यादी मी मडगावहून छापूनच आणली होती.
सहा रात्री, सात दिवस,
राजवाडे तीन, देवळं चार,
आणि एक बाजार, तो आईसाठी.
बेतूलच्या धक्क्यावर बाबा पाग सांधत बसलेले,
सुतळीचं टोक पायाच्या अंगठ्यात.

‘तारवटी असताना तुम्ही कोरियाला जाऊन आलाय.
सांगा, यातलं काय गाळू?’

चष्मा कपाळावर गेला.
‘राजवाडा बघ. मोठा आहे.
अंगणात दगड रोवलेत दोन्ही अंगांना,
कुठल्या हुद्द्याने कुठे उभं राहायचं ते कोरून.
मी शेवटच्या दगडाच्याही मागे राहिलो.
इंजिनरूमची सवय.
आणि पायऱ्यांपाशी आपल्या न्हाणीतल्या भाणासारखे हंडे,
पाण्याने भरलेले.
म्हणे आगीचा राक्षस येतो,
आत डोकावतो,
आणि स्वतःच्याच तोंडाला भिऊन पळतो.’
हसले, तेव्हा उरलेले दोन दात दिसले.

‘आणि देवळं?’

ओहोटी होती. खाडीकडे बघत म्हणाले,
‘जहाज बुसानला गोदीत, अकरा दिवस.
एकदा बस धरून डोंगरावर गेलो.
कुडतरीचा मेन्झी होता सोबत, तो बाहेर सिगारेट ओढत बसला.
तिन्हीसांजेला एक भिक्षू आला, पोरगेलासा.
ढोल वाजवला, तो जमिनीवरच्या जनावरांसाठी.
ढगाच्या आकाराचा पत्रा, तो पाखरांसाठी.
आणि एक मासा टांगलेला, लाकडाचा,
आपल्या होडीच्या अर्धा तरी,
पोट कोरून पोकळ केलेलं.
त्या पोटात दोन काठ्या घालून तो वाजवत राहिला
पाण्यातल्या सगळ्या जिवांसाठी.
मी वाटाड्याला विचारलं, बांगड्यांसाठी पण?
हो म्हणाला.
तारल्यांसाठी?
हो.’

मग पुष्कळ वेळ काही नाही.
आम्ही खारवी. आजोबांनी किती टोपल्या
वाळूत ओतल्या, कुणी मोजल्यात?

‘मोठी घंटा नंतर व्हायची होती,’ बाबा म्हणाले.
‘थांबलो नाही. बस चुकली असती.’

यादीवर मी काही खोडलं नाही.
काळोख उतरायला लागला तसे ते उठले,
पालथ्या होडीपाशी गेले
आणि बोटांच्या पेरांनी बूड ठोकू लागले,
नाळेपासून मागे, मागे.
कूज धरली का, ते असंच ऐकतात आमच्याकडे.
पण हिला तर गेल्याच महिन्यात तेल पाजलेलं,
आणि ते थांबत नव्हते.

घरातून आईची हाक आली,
‘बांगडे तव्यावर टाकू?’

‘थांब गे जरा,’ बाबा म्हणाले.