पान सात, गृहीतक पाच

नंदेसरीच्या त्या टाकीत
दर तिसऱ्या घाण्याला रंग फाटायचा.
‘फाटतो’ हा शब्द जशुभाईंचा, दुधावरून घेतलेला.
कंपनीच्या पत्रात होतं: गुणवत्तेतील तफावत.

मकरपुऱ्यात बसून मी ती टाकी संगणकात बांधली.
सहा हजार लिटर, चार बॅफल,
तिरक्या पात्यांचा पंखा, मिनिटाला नव्वद फेरे.
मग आतलं द्रावण चिरलं
एकवीस लाख तुकड्यांत
आणि एकेकाला विचारत बसले:
शेजाऱ्याकडून किती घेतलंस,
पुढच्याला किती दिलंस?

दांडिया बाजारच्या पतपेढीत
बाबा हेच करायचे एकतीस मार्चला,
पाच पैसे जुळेनात म्हणून
डबा तसाच परत आणायचे.
माझीही बाकी उतरत होती,
शतांश, सहस्रांश,
मध्येच उसळी मारून वर,
पुन्हा खाली.
तिसऱ्या पहाटे ती सपाट झाली.

चित्र देखणं आलं.
पंख्यापाशी लालभडक, कडेला मोरपंखी,
कुठे म्हणून काही साचत नव्हतं.
रणदिवे साहेबांनी सही केली.
अहवाल घेऊन मीच गेले नंदेसरीला.

जशुभाई परमार, तेवीस वर्षं त्याच टाकीपाशी.
चष्मा कपाळावर सरकवून
त्यांनी चित्र उजेडात धरलं,
आधी उलटं, मग सुलटं.
“सरस छे, बहेन.”
जरा थांबून,
“पण आमां पेली नळी क्यां?”

नळी.
तापमापकाची, दोन बोटं जाड,
वरून सोडलेली, तिसऱ्या बॅफलच्या आड.
मीच काढली होती.
जाळी विणताना ती अडायची,
तिच्याभोवती तुकडे बारीक करा,
चार लाख वाढतात, एक रात्र वाढते.
पान सात, गृहीतक पाच,
माझ्याच हाताने लिहिलेलं:
नगण्य.

त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला,
टोक टाकीला, मूठ कानाला.
मग मूठ माझ्याकडे केली. सांभळो.
मला मोटर ऐकू आली,
गिअरबॉक्सची घरघर,
आणि माझं स्वतःचं रक्त.
“एनी पाछळ,” ते म्हणाले. त्याच्या मागे.
मागे मला काही ऐकू आलं नाही.
मी मान हलवली.

त्या रात्री नळी परत लावली.
सूर्य उगवायच्या सुमाराला
नळी आणि बॅफलच्या फटीत
एक निळी चिंधी दिसली,
हातभर लांब,
अख्ख्या टाकीला पाठ करून
स्वतःभोवतीच फिरणारी.
आणि तिच्याच डोक्यावर
थेंब थेंब आम्ल सोडणारा नोझल.

भिंतीला टेकलेला थर हलत नाही,
हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.
हात लावला की वाहतंय असं वाटतं,
पण अगदी चिकटून असलेलं जागचं सुटत नाही.
परीक्षेत दोन मार्कांना येतं.
मी तेव्हा पूर्ण दोन मिळवले होते.

नव्या अहवालात मी एक ओळ घातली,
नळीची बाब श्री. जशुभाई परमार यांनी लक्षात आणून दिली.
रणदिवे साहेब म्हणाले,
अहवालात माणसं नसतात गं,
आणि ओळ काढली.
त्यांचं चुकलं असं नाही.
जाळी हलकी करावीच लागते.

नोझल पलीकडच्या बाजूला नेला.
रंग आता फाटत नाही.
पण आधी दर तिसऱ्याच घाण्याला का फाटायचा,
पहिल्याला का नाही,
ते मला अजून सापडलेलं नाही.
फाइल मी मिटवलेली नाही.
नाव दिलंय: जशुभाई_दोन.
सर्व्हरच्या तळाशी आहे,
तिथवर कुणी येत नाही.