सतरा ते दोनशे आठ

सर्जेकोटच्या बर्फ कारखान्यात
मी लाद्यांचा हिशेब लिहिते.
पुस्तक आलं रद्दीच्या गठ्ठ्यातून,
सुंगटांचे पुडे बांधायला.
कव्हर नाही, नाव नाही, पहिली सोळा पानं नाहीत,
सुरुवातच मुळी अर्ध्या वाक्यात:
"...म्हणून त्याने दिवा विझवला नाही."

कोण तो, कुठला दिवा,
कळायला मला तीन रात्री लागल्या.
मिठागरावरचा एक मुकादम. बायको पलीकडच्या काठाला.
मधे खाडी आणि एक जुनं भांडण.
दोनशे आठव्या पानावर तो होडी सोडतो
आणि पुस्तक संपतं.
संपत नाही, फाटतं.

आमच्याकडे रेंज येते जेटीच्या टोकाला,
तीही डिझेल पंपाला पाठ लावून उभं राहिलं तर.
तिथून मी सतराव्या पानाचा फोटो टाकला
'वाचतंस मा?' वर.
हे आमच्या ग्रुपचं नाव. एकशे बारा माणसं,
बहुतेकांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत.
रेडीच्या खाणीवरचा वजनकाटेवाला,
दापोलीची भूल देणारी डॉक्टरीण,
देवगडात आंब्याची खोकी ठोकणारा एक सुतार.
कुणाला काय हवंय, कुणाकडे काय पडलंय,
एवढंच बोलायचं.
फुलांसकट सुप्रभात टाकणाऱ्याला
ॲडमिन बाई न बोलता काढून टाकतात.

मी लिहिलं: ह्या पुस्तकाचा नाव काय?
शेवट कोणाकडे आसा काय?

दोन दिवस काही नाही.
वारा सुटलेला, बोटी आत, बर्फ पडून.
मग जयगडचे शमशुद्दीन होडेकर:
"नाव नाही सांगता येणार. पण हे खिळे ओळखतो.
'श्र' बघा, पाय मोडलाय.
छापखाना कधीच बंद झाला, मी तिथे शाई घोटायचो."
सुतार म्हणाला, सगळ्या याद्या चाळल्या, नेटवर शोधलं,
मशीनला आधी नाव लागतं हो.
दिवा म्हटलं तर ते मला
दिवे विकायला लागलं.

पाचव्या रात्री दाभोळहून आवाज आला,
चार मिनिटं अकरा सेकंद.
द्वारका पावसकर, निवृत्त नर्स.
"माझ्याकडे होतं. कुणी नेलं, आलं नाही.
पण शेवट पाठ आहे, ऐक."
मागे फेरीबोटीचा भोंगा, कुत्रं,
मधेच "अरे, गॅस बंद कर तो."
तो पलीकडे पोचतो. दार उघडं असतं.
ती चुलीपासून न उठता विचारते,
"मीठ आणलंस?"
बस्स.

मी तीनदा ऐकलं, उभ्या उभ्या.
सुकती लागली होती,
होड्या चिखलात एका कुशीवर.

गणपतीनंतर सबंध प्रत आली,
वेंगुर्ल्याहून, कंडक्टरच्या हाती,
कोकमाच्या पिशवीत. कडा लाल झाल्यात.
नाव आहे. लेखक आहे. सोळा पानं आहेत.
शेवटी दार बंद असतं.
तो होडीतच बसून राहतो, उजाडेपर्यंत.
मिठाचा शब्द नाही.

ग्रुपवर एवढंच टाकलं: मिळालं.
लगेच नऊ जणांनी मागितलं, पहिला नंबर रेडीचा.
द्वारकाबाईंना वेगळं लिहायला घेतलं,
"तुमचा शेवट", आणि पुसलं.
"कुठल्या पानावर", पुसलं.
भरतीचं पाणी पायरीला लागेपर्यंत
हेच चाललं होतं.
शेवटी ग्रुपचंच नाव पाठवलं:
वाचतंस मा?

उत्तर मिनिटभरात:
"वाचते की. मोतीबिंदू काढला, आता बारीकही दिसतं.
ती प्रत आली म्हणे. मला कधी देतेस?"

नऊ जणांच्या यादीत
दहावं नाव मी लिहिलंय.
पेन्सिलीने.