नावाची पट्टी

हुपरीत होतो तेव्हा मी कमरपट्टे घडवायचो.
माप दोऱ्यावर यायचं,
हळदीच्या दोऱ्याला गाठ,
गाठीपाशी नवरीची कंबर संपायची.

इथं शारजात, इंडस्ट्रियल सहामध्ये,
टायरवाला आणि काचवाला यांच्या मधल्या गाळ्यात
माप टेपवर येतं. एकशे बारा. एकशे तीस.
एकदा एकशे छप्पन आलं तेव्हा
सगीर उस्ताद म्हणाले, हे माणसाचं की म्हशीचं?
आणि चामडं कापायला बसले.

चामडं त्यांचं. सियालकोटचा हात.
ओल्या चामड्यावर मोहरीएवढ्या ठशांनी वेल उठवतात,
कुणी बोललं तर पुन्हा पहिल्या पानापासून मोजतात.
सोन्याचं पाणी कुंजुमोनचं.
पितळ माझं.
मधे थाळी, थाळीवर थाळी, त्यावर ससाणा,
ससाण्याच्या डोळ्यात लाल खडा.
जिथं लाख लावली तेवढं तेजाब सोडतं,
बाकीचं रात्रभर खात बसतं.

सगळ्यात अवघड वाकवणं.
सपाट थाळी कुणाच्याच पोटावर बसत नाही.
खाली वाळूची पिशवी, हातात लाकडी मोगरी,
आणि ते पोट आठवत आठवत हलके हलके.
घाई केली की ससाण्याची मान जाते.
वाळू मी दुकानातून विकत आणली.
कुंजुमोन अजून हसतो त्याला.

नावाची पट्टी वेगळी. बोटभर रुंद, दोन स्क्रूंची.
चॅम्पियन बदलला की तेवढीच बदलायची.
कुस्ती शुक्रवारी असते.
नाव बुधवारीच येतं, पाकिटातून.

आमच्याकडं याला नुरा कुस्ती म्हणतात.
मैदानात असलं दिसलं तर चपला यायच्या.
माझ्या चुलत्यानं आयुष्यात बरोबरीत कुस्ती सोडवली नाही,
त्याला फोनवर एवढंच सांगितलं,
पैलवानांसाठी घडवतो.
खूश झाला. म्हणाला, गदा नाही देत व्हय?

गुरुवारी आर्नेल आला.
दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो, रिंगमध्ये काळा विंचू.
पट्ट्याचं एक बटण तुटलेलं.
माझ्या मांडीखाली फडक्यात दुसऱ्याचं नाव,
नुकतं कोरलेलं, अजून कोमट.
मी बटण बसवत राहिलो. वर बघितलं नाही.
चहा आला. त्यानं बशीत ओतला, आमच्यासारखा.
मग म्हणाला,
त्याचं नाव नीट लिही हां.
त्याच्या आईला फोटो पाठवणार आहे तो.

मी फडकं सोडलं.
त्यानं पट्टी उजेडात धरली, अक्षरं बोटानं वाचली,
एक कड अंगठ्याला लागली, ती घासायला लावली.
मग स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन
आपलं नाव सोडवलं.
जुनी पट्टी भट्टीत टाकायची असा शेठचा नियम आहे.
मी हिशेबात टाकली म्हणून लिहिलं.

शुक्रवारी पहिल्यांदा बघायला गेलो.
अजमानचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या,
पोरं कोकलत होती, एसी गळत होता.
आर्नेल बाविसाव्या मिनिटाला पडला.
पाठ पुरी टेकली, दोन्ही खांदे, चितपट,
डोळे मिटलेले, जीभ थोडी बाहेर.
खोटं असेल. पण फळ्यांचा आवाज मी ऐकला.

नव्या गड्यानं पट्टा उचलला, डोक्यावर धरला,
रडत होता.
दिव्यात माझं पितळ पेटलं
आणि ससाणा खाली डोकं, वर पाय.
उलटा! मी ओरडलो.
उलटा धरलायस, मर्दा!
त्या गलक्यात मराठी कोण ऐकणार.

तेवढ्यात जमिनीवरच्या बेशुद्ध विंचवाचा
एक हात जरासा उचलला,
दोन बोटं हवेत फिरली,
बटण घट्ट करताना फिरवतात तशी,
आणि पुन्हा मेल्यासारखी पडली.
गड्यानं पट्टा सुलटा केला.